संकल्पित वेग आणि प्रत्यक्ष वेग : फलटणच्या पालखीमार्गासंदर्भात

लोणंदहून तरडगाव, फलटण, बरड असा नातेपुत्याकडे जाणारा रस्ता मूलतः पायी चालणाऱ्यांचा होय. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीस सोहळ्याचे रूप दिले, तेव्हा येथील वेग वारकऱ्याच्या पावलाने ठरत असे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी याच मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पालखीसाठी दुतर्फा स्वतंत्र पदपथाची तरतूद त्यात करण्यात आली.

वेग आधी ठरवून मग वळणे आखावीत, हा विचार तसा अलीकडचा. जयकर समितीच्या शिफारशींनंतर 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि 1936 मध्ये अमेरिकेत जोसेफ बार्नेट यांनी संकल्पित वेगाची कल्पना मांडली. वेगाने जाणारे चालक जो वाजवी वेग सातत्याने राखतील, तो त्यांना अभिप्रेत होता. म्हणजे माणसाचे वर्तन आधी आणि गणित नंतर. पुढे मात्र हा वेग सर्वांत तीव्र वळणाची मर्यादा ठरविण्यापुरताच उरला. सरळ पट्ट्यात चालक किती वेगाने जाईल, हा प्रश्न कोष्टकाबाहेर राहिला.

काँग्रेसच्या 1980 च्या मानकांत सपाट प्रदेशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी ताशी 100 कि.मी. आणि किमान 80 कि.मी. वेग दिला आहे. 80 साठी वळणाची त्रिज्या किमान 230 मीटर हवी, 100 साठी 360. आता 230 मीटरच्या वळणावर एखादे वाहन 100 च्या वेगाने शिरले, तर रस्त्याला 7 टक्के आडवा उतार असूनही टायरवर पडणारी घर्षणाची मागणी 0.27 होते, हिशेबात धरलेली असते 0.15. कोरड्या रस्त्यावर हे निभावते. पावसात, झिजलेल्या टायरवर निभावेलच असे नाही.

सातारा जिल्ह्यातीलच खंबाटकी घाटाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना बोगद्यानंतर येणारे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाले. उतारावर वेग सहज वाढतो आणि वळण मात्र कमी वेगाची अपेक्षा करते. हे वळण टाळण्यासाठी अखेर नव्या बोगद्यांचे काम हाती घ्यावे लागले.

फलटणची अडचण निराळी आहे. तेथे घाट नाही. सपाट, सरळ रस्ता आणि गळीत हंगामात साखरवाडीसारख्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले ट्रॅक्टर. मानकांप्रमाणे 80 च्या वेगाने येणाऱ्या वाहनास थांबण्यासाठी 120 मीटर दृष्टिअंतर लागते, 100 ला 180. परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली रात्री इतक्या लांबून दिसत नाही.