बशीतले शेत

नाताळ म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते दिव्यांनी लखलखणारे सूचिपर्णी झाड. त्या झाडाचा मान मोठा आणि त्याचा इतिहासही पुष्कळ लिहिला गेला आहे. स्ट्रासबुर्ग नगरातले लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करून त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे आणि मिठाई टांगतात, अशी नोंद १६०५ सालची आहे. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे अशाच झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि इंग्रज घरांतून ही चाल झपाट्याने पसरली. राजवाड्यातली गोष्ट ती; तिची दखल सर्वांनी घेतली यात नवल नाही.

परंतु भगिनींनो, नाताळच्या हिरवाईचा दुसराही एक प्रकार आहे. त्याला राजवाडा लागत नाही की बाजार लागत नाही. एक बशी, मूठभर गहू आणि रोज आठवणीने पाणी शिंपडणारा हात, एवढ्यावर त्याचे भागते. या बशीतल्या शेताची हकीकत आपणांस परकी वाटू नये.

फ्रान्सच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या काठी प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. तेथे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बशांतून गहू पेरतात. कोणी मसूर किंवा हरभरेही घालतात. दाणे ओले राहतील इतकेच पाणी द्यायचे. वीस दिवसांत वीतभर कोवळे पीक उभे राहते. नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकावर एक अशी तीन शुभ्र वस्त्रे अंथरतात आणि त्यांवर या बशा मांडतात. रोपे हिरवीगार आणि सरळ वाढली असतील, तर येते वर्ष भरभराटीचे जाईल असा समज. पुढे हाच गहू येशूजन्माच्या देखाव्यात मातीच्या चिमुकल्या बाहुल्यांच्या भोवती शेत म्हणून शोभतो.

या बाहुल्यांचीही एक कथा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चे बंद झाली आणि तेथले जन्माचे देखावेही थांबले. तेव्हा लोकांनी घरातच लहानसा देखावा मांडण्याचा परिपाठ वाढविला. त्यासाठी मातीच्या स्वस्त बाहुल्या घडू लागल्या आणि १८०३ पासून मार्सेय शहरात त्यांचा बाजार भरू लागला. देऊळ बंद झाले तरी देव्हारा बंद होत नाही, हे आपल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

आता समुद्र ओलांडून लेबनॉनला जाऊ. तेथल्या ख्रिस्ती घरांतही याच बार्बराच्या सणाला गहू, हरभरे आणि मसूर ओल्या कापसावर रुजत घालतात, आणि ती रोपे नाताळच्या देखाव्याजवळ ठेवतात. तेथे सांगतात की बार्बरा आपल्या क्रूर बापापासून जीव घेऊन पळत असता नुकत्याच पेरलेल्या शेतातून गेली. तिच्यामागे गहू झरझर वाढला आणि त्याने तिची पावले झाकली. म्हणून त्या दिवशी शिजवलेल्या गव्हात साखर, बडीशेप, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून जो पदार्थ करतात, त्याला तिचेच नाव आहे. वाचताना आपल्या गव्हाच्या खिरीची आठवण यावी.

जर्मनीत हाच दिवस, पण गहू नव्हे. तेथे चेरीच्या उघड्या फांद्या तोडून घरात पाण्यात ठेवतात. कडाक्याची थंडी सोसल्यावाचून चेरीची कळी उमलत नाही. थंडी सोसलेली फांदी घरच्या उबेत आली की तीन आठवड्यांत, ऐन नाताळात, पांढऱ्या फुलांनी भरते.

ज्या बार्बराच्या नावाने हे सारे चालते, तिच्या चरित्राला इतिहासाचा भक्कम आधार सापडत नाही, म्हणून १९६९ साली रोमच्या धर्मपीठाने तिचा दिवस आपल्या सर्वसाधारण पंचांगातून वगळला. तरी प्रोव्हान्सच्या बशा काही रिकाम्या राहिल्या नाहीत. पंचांगातला सण पुसता येतो. हाताला लागलेले वळण पुसणे कठीण.

क्रोएशिया आणि हंगेरीत पेरणीचा दिवस बहुतेक ठिकाणी १३ डिसेंबर, म्हणजे संत लूसियाचा. १५८२ साली युरोपची दिनगणना सुधारली, त्यापूर्वी काही शतके वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास पडत असे. काळोखाच्या टोकाला बी पेरायचे आणि प्रकाश वाढू लागला की ते वर आलेले पाहायचे, असा त्यातला भाव. क्रोएशियात गव्हाच्या मधोमध मेणबत्ती लावतात आणि रोपांभोवती फीत बांधतात. समाजवादी युगोस्लाव्हियात अनेक वर्षे २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस होता. तरी घराघरांत गहू उगवत राहिला. बशीत गवत उगवले म्हणून कोण कोणाला जाब विचारणार!

पोर्तुगालच्या दक्षिण भागात बाळ येशूसाठी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात आणि तिच्यावर संत्री व कोवळ्या गव्हाच्या वाट्या ठेवतात. आपल्या गोव्यातही कित्येक घरांतून नाताळच्या गोठ्यासाठी नाचणीसारखे धान्य आधी पेरून हिरवळ तयार करतात.

हे सारे वाचून आपल्या मनात एकच चित्र आले असेल: नवरात्रातला घट. काळी माती, तिच्यात मिसळलेली धान्ये, मधोमध कलश, आणि नवव्या-दहाव्या दिवशी पिवळसर हिरवे अंकुर. दसऱ्याला ते देवाला वाहून पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. आणि जाणती माणसे घट कसा उगवला यावरून रब्बीच्या बियाण्याचा कस पाहतात.

तेव्हा यांतले कोणी कोणाचे पाहून केले? मला वाटते, हा प्रश्न विचारण्याची गरजच नाही. जेथे धान्य बी म्हणून जपले जाते, तेथे कणगीतला दाणा अजून जिवंत आहे ना, ही काळजी असतेच. आणि कणगीची राखण बहुतेक सगळीकडे घरातल्या बाईकडेच असते. तिच्या काळजीने प्रत्येक देशात आपापल्या सणाचे वस्त्र पांघरले.

फार प्राचीन काळी ग्रीसमधल्या अथेन्स नगरीतल्या स्त्रियाही अकाली मेलेल्या ॲडोनिसच्या शोकाचा विधी म्हणून भर उन्हाळ्यात फुटक्या भांड्यांतून धान्य आणि भाजीपाला पेरीत. थोर तत्त्वज्ञ प्लेटोने एके ठिकाणी म्हटले आहे की, शहाणा शेतकरी आपले खरे बी अशा बागेत पेरून आठ दिवसांत उगवले म्हणून हरखणार नाही. तो आठ महिने धीर धरील. प्लेटोचे शेतीचे गणित चुकलेले नाही. पण बशीत गहू पेरणारीलाही हे पक्के ठाऊक असते की यातून भाकरी निघायची नाही. तिला हवी असते ती फक्त एक खूण.

राजवाड्यातल्या झाडाचे चित्र छापले गेले. बशीतल्या गव्हाचा इतिहास मात्र आयांनी लेकींना आणि सासवांनी सुनांना हाताने करून दाखविला, म्हणूनच तो टिकला. आपल्या घरच्या घटात कोणकोणती धान्ये पडतात, माती कोठून आणतात, पाणी कोणी आणि केव्हा घालायचे, हे प्रत्येकीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून वहीत उतरवून ठेवले, तर पुढच्या वर्षी मंडळात त्या वह्या एकत्र वाचता येतील. नवरात्र येईपर्यंत त्याला भरपूर अवधी आहे.