व्हिस्की : नांव, पदार्थ व पुरावा

व्हिस्की ह्या मद्याचा जन्म इ. स. १४९४ मध्यें स्कॉटलंडांत झाला, असें विधान व्यापारी पत्रकांतून आणि चांगल्या म्हणविणाऱ्या ग्रंथांतूनहि वारंवार आढळतें. विधानास सालाची जोड असली म्हणजे वाचकास तें सप्रमाण वाटूं लागतें. आणि त्या सालाचा अस्सल कागद खरोखरच उपलब्ध असला म्हणजे शंका घेण्याचें कोणासच प्रयोजन उरत नाहीं. कागद आहे एवढें सिद्ध झाल्यानें कागद काय सांगतो हें सिद्ध होत नाहीं, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. यास्तव त्या कागदापासूनच आरंभ करूं.

स्कॉटलंडच्या राजकोषाचे जे जुने हिशेब 'एक्स्चेकर रोल्स' ह्या नांवानें प्रसिद्ध आहेत, त्यांतील ही एक ओळ आहे. भाषा लॅटिन. चौथ्या जेम्स राजाच्या आज्ञेवरून जॉन कॉर नामक ख्रिस्ती भिक्षूस 'अॅक्वा व्हायटी' तयार करण्यासाठीं मोड आणून वाळविलेल्या धान्याचे आठ 'बोल' दिले, इतकाच तिचा आशय. बोल हें तिकडील धान्याचें माप. आपल्या खंडी-मणाप्रमाणें तेंहि प्रांतोप्रांतीं बदलत असे. ह्या ओळींत 'व्हिस्की' हा शब्द नाहीं. अर्क पिण्यासाठीं हवा होता, औषधासाठीं हवा होता, कीं किमयेच्या प्रयोगासाठीं, ह्याचा उलगडा नाहीं. कॉर हा फाइफ प्रांतांतील लिंडोर्सच्या मठाचा, असें आज सरसहा लिहितात. त्या मठाचें नांव नोंदींत नाहीं. एवढें धान्य एकदम दिलें गेलें त्याअर्थीं ही कृति देणाऱ्यास व घेणाऱ्यास नवी नसावी, हें अनुमान मात्र योग्य होय. तात्पर्य, १४९४ हें उपलब्ध स्कॉटिश उल्लेखाचें साल आहे, जन्म त्यापूर्वींचा.

आयर्लंडचे अभिमानी ह्याहून जुना पुरावा पुढें करितात. क्लॉनमॅक्नॉइजच्या बखरींत १४०५ सालाखालीं, एक सरदार नाताळांत अॅक्वा व्हायटीच्या अतिसेवनानें मेल्याची नोंद आहे. परंतु मूळ आयरिश बखर नष्ट झाली असून आज हातीं आहे तें १६२७ मध्यें झालेलें इंग्रजी भाषांतर, आणि तेंहि नकलांच्या रूपानें. त्यांतच त्या जागीं जीवनजल मृत्युजल ठरलें अशी शब्दावर कोटीहि केलेली आहे. मूळ पोथींत नेमका कोणता शब्द होता, हें दोनशें बावीस वर्षांनंतरच्या भाषांतरावरून कसें ठरावें ? आपल्याकडील ज्या बखरी प्रसंगानंतर शंभर-दीडशें वर्षांनीं लिहिल्या गेल्या, त्यांना आपण जितकें प्रामाण्य देतों तितकेंच ह्या उल्लेखास द्यावें, असें आमचें मत आहे.

आतां नांवाकडे वळूं. अॅक्वा व्हायटी म्हणजे जीवनाचें जल. गेलिक भाषेंत ह्याचा शब्दशः अनुवाद 'उष्के बाहा' असा झाला. इंग्रजांच्या तोंडीं त्याचें 'उस्केबा' झालें आणि पुढें पहिलाच तुकडा शिल्लक राहून 'व्हिस्की' हें रूप रूढ झालें. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ह्या नांवांतलें जीवन गळून पाणी तेवढें उरलें आहे ! डॉ. जॉन्सन यानें आपल्या १७५५ च्या कोशांत उस्केबाचा जो अर्थ दिला तो सुगंधी द्रव्यें घालून काढलेला अर्क असा आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील उस्केबा अधिक तिखट, आणि त्यासच अपभ्रंशानें व्हिस्की म्हणतात, असें तो सांगतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील उस्केबाच्या कृतींत मनुका, केशर, ज्येष्ठमध, जायफळ हीं द्रव्यें येतात. वैद्यांच्या अरिष्टासवांशीं परिचित असलेल्या वाचकास ही यादी परकी वाटणार नाहीं. एडिंबरोच्या शस्त्रवैद्य-न्हाव्यांच्या संघास १५०५ मध्यें त्या नगरांत हा अर्क करण्याचा व विकण्याचा एकाधिकार मिळाला होता, हेंहि येथें लक्षांत घ्यावें. तेव्हां कांहीं न मिसळतां प्यावी तीच अस्सल व्हिस्की, बाकी सर्व भ्रष्टाचार, ही आजची सोंवळी समजूत इतिहासास धरून नाहीं.

नांव स्थिर होत असतां नांवाखालचा पदार्थ मात्र बदलत होता. १६४४ मध्यें स्कॉटिश पार्लमेंटानें ह्या अर्कावर कर बसविला, आणि तेव्हांपासून चोरट्या भट्ट्यांचा इतिहास सुरू होतो. १८२३ च्या कायद्यानें कर हलका करून परवाना सुलभ केला. दुसऱ्याच वर्षीं ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें परवाना घेतला, आणि शेजारच्या चोरटे अर्क काढणाऱ्यांच्या भयानें तो पिस्तुलें जवळ बाळगीत असे. ह्यानंतरची क्रांति यंत्राची. डब्लिन येथील अबकारी खात्यांतून निवृत्त झालेल्या एनियस कॉफी यानें १८३० च्या सुमारास अखंड चालणाऱ्या मनोऱ्यासारख्या भट्टीचें पेटंट घेतलें. तांब्याच्या जुन्या भांड्यांत एकेक घाणा दोनदां-तीनदां गाळावा लागे. नवीन यंत्रांत मका, गहूं इत्यादि धान्यांचा स्वस्त, पातळ स्वादाचा अर्क अव्याहत मिळूं लागला. १८६० पासून हे दोन अर्क सरकारी वखारींत कर भरण्यापूर्वींच एकत्र करण्याची मोकळीक झाली, आणि फ्रान्सांतील द्राक्षवेली किडीनें नष्ट होऊन ब्रँडी दुर्मिळ होतांच ह्या मिश्रणानें जग जिंकलें.

तेव्हां प्रश्न उद्भवला, व्हिस्की म्हणावें कशास ? १९०६ मध्यें लंडनच्या इझ्लिंग्टन भागांतील एका खटल्यांत न्यायाधीशानें यंत्राचा अर्क व्हिस्की नव्हे असा निर्णय दिला. व्यापारांत हलकल्लोळ माजला. १९०८ मध्यें शाही आयोग नेमला गेला आणि १९०९ मध्यें त्यानें उलट निर्णय दिला : मोड आणलेल्या धान्याच्या योगानें ज्यांतील पिष्टाची साखर झाली आहे, अशा धान्याच्या आंबोणाचा अर्क तो व्हिस्की, भांडें कोणतें हा प्रश्न गौण. मुरविण्याची सक्ति आयोगानें केली नव्हती. ती १९१५ च्या युद्धकालीन कायद्यानें आली, आणि पुढें तीन वर्षांची मर्यादा कायम झाली. आज जें तिचें प्राणभूत लक्षण मानतात तें असें अगदीं अलीकडचें आहे.

योगायोग असा कीं, त्याच १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता छापून प्रसिद्ध केली. तींतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदकाचें माप दिलें आहे तें असें : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. ह्यावरून आमच्या पूर्वजांस व्हिस्की ठाऊक होती असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. येथें आंबविणें आहे, वाफ धरून अर्क काढणें नाहीं. परंतु वर्गीकरणाच्या बाबतींत आमचीं शास्त्रें आयोगाच्या फार पुढें होतीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी, आणि माध्वी. हा भेद मूलद्रव्यावर आधारलेला आहे, आणि ह्याच कसोटीवर व्हिस्की निःसंशय पैष्टी ठरते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. भारतांत व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मद्यांत उसाच्या मळीचा अर्क असतो. शास्त्रानें ती गौडी. पैष्टीचें नांव धारण करून ती वावरते. युरोपांत व्हिस्कीच्या व्याख्येंत धान्य आवश्यक असल्यामुळें तिला तेथें ह्या नांवानें प्रवेश नाहीं. सर्वच देशी मद्यांस हा दोष लागू नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बंगळूरच्या अमृत भट्टीनें केवळ सातूंची व्हिस्की २००४ मध्यें थेट ग्लासगो शहरांत विक्रीस मांडली, आणि गोव्यांतील कुंकळ्ळीची पॉल जॉन २०१२ पासून परदेशीं जाऊं लागली. तीं मद्यें खरी पैष्टी होत.

निवड करावयाची ती ह्याच दृष्टीनें. पोथी हातीं येतांच संग्राहक प्रथम शेवटची पुष्पिका वाचतो. तद्वत् येथें चिठ्ठी वाचावी. 'सिंगल माल्ट' ह्याचा अर्थ एकाच भट्टीची व केवळ मोड आणलेल्या सातूंची; 'सिंगल' हें विशेषण भट्टीचें आहे, पिंपाचें नव्हे. 'ब्लेंडेड स्कॉच' म्हणजे सातूंच्या व इतर धान्यांच्या अर्कांचें मिश्रण. वय लिहिलें असेल तर तें मिश्रणांतील सर्वांत तरुण अर्काचें समजावें. अमेरिकन बर्बनमध्यें निदान एक्कावन्न टक्के मका व आंतून जाळलेलें नवें ओकचें पिंप आवश्यक असतें. आणि 'बॉटल्ड इन बाँड' हे शब्द असतील तर १८९७ च्या कायद्यान्वयें एक भट्टी, एक हंगाम, किमान चार वर्षें आणि पन्नास टक्के मद्यार्क इतक्या गोष्टींची हमी मिळते. चिठ्ठीवरील तीन शब्दांत इतका पुरावा क्वचितच सांपडतो. रंगावर मात्र विश्वास ठेवूं नये. स्कॉच व्हिस्कींत जाळलेल्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याची परवानगी आहे. वयाचा आंकडाहि देशकाल पाहून वाचावा. स्कॉटलंडच्या थंडींत पिंपांतून वर्षाकाठीं सुमारें दोन टक्के अर्क उडून जातो. बंगळूरच्या हवेंत हें प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातें. तेथील पांच वर्षें इकडील पांच वर्षांशीं तोलणें म्हणजे शक व संवत् एक मानण्यासारखें आहे.

पिण्याच्या रीतीविषयीं थोडकेंच. (महाराष्ट्रांत मद्यप्राशनास १९४९ च्या कायद्यान्वयें परवाना लागतो, ह्याचें पुष्कळांस विस्मरण होतें.) मुरलेली सिंगल माल्ट निमुळत्या तोंडाच्या पेल्यांत, बर्फावांचून, प्रथम हुंगून मग घोट घोट घ्यावी. थोडें पाणी घालणें हा अपराध नव्हे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं २०१७ मध्यें गणनेनें दाखविलें कीं, मद्यार्काचें प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांच्या खालीं आलें असतां धुराचा वास देणारें ग्वायाकोल हें द्रव्य द्रवाच्या पृष्ठभागीं राहतें. प्रमाण फार चढें असतां तें आंत दडतें.

मिश्र पेयांपैकीं 'कॉकटेल' ह्या शब्दाची पहिली छापील व्याख्या १८०६ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन गांवच्या एका वृत्तपत्रांत, वाचकाच्या पृच्छेस उत्तर म्हणून, आली : कोणताहि अर्क, साखर, पाणी व बिटर्स. बिटर्स म्हणजे मुळ्यासालींचा कडू औषधी अर्क. जेरी थॉमस यानें १८६२ मध्यें ह्या विषयावर पुस्तकच छापलें. पुढें धंदेवाईकांनीं नाना द्रव्यें घालून मूळ कृतीचा विस्तार केला, तेव्हां जुनीं गिऱ्हाइकें 'जुन्या पद्धतीचें' मागूं लागलीं. तेंच 'ओल्ड फॅशन्ड'. एखाद्या संहितेंत प्रक्षेप वाढल्यावर मूळ पाठाची मागणी व्हावी तसा हा प्रकार. साखरेचा एक खडा, बिटर्सचे दोन-तीन थेंब, राय किंवा बर्बन सुमारें साठ मिलिलिटर, मोठा बर्फ आणि संत्र्याची साल : ह्याहून अधिक कांहीं नको. 'मॅनहॅटन' मध्यें दोन भाग राय, एक भाग गोड व्हर्मूथ व बिटर्स हीं बर्फावर ढवळून गाळून घेतात. हें पेय विन्स्टन चर्चिलच्या मातोश्रींनीं १८७४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन क्लबांतील मेजवानींत प्रथम करविलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजीं इंग्लंडांतील ब्लेनिम येथें झाला. मातोश्री तेव्हां अर्थातच तेथें होत्या. कथा टाकून द्यावी, पेय ठेवावें. दुर्मिळ जुनी माल्ट मात्र अशा मिश्रणांत घालूं नये. सचित्र पोथीचीं पानें पुठ्ठ्यास लावण्यापैकीं तें आहे.

दुर्मिळ बाटल्यांचा विषय निघाला म्हणून संग्राहकांसाठीं एक प्रकरण नमूद करितों. २०१७ मध्यें स्वित्झर्लंडांतील एका उपाहारगृहांत १८७८ ची म्हणून जपलेली बाटली उघडून तिचा एक पेला सुमारें दहा हजार फ्रँकांस विकला गेला. बूच व चिठ्ठी ह्यांविषयीं संशय निघाल्यावर अर्क तपासण्यास गेला. अणुस्फोटांमुळें वातावरणांत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या काळापासूनच्या प्रत्येक धान्यांत उतरला आहे. त्यावरून अर्क १९७० ते १९७२ च्या दरम्यानचा ठरला. शिवाय तो निव्वळ माल्टहि नव्हता, साठ टक्के माल्ट व चाळीस टक्के इतर धान्याचा अर्क निघाला. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहिणाऱ्यांचा उद्योग आमच्या वाचकांस परिचित आहे. येथें कोऱ्या कागदाचें काम रिकामी बाटली करिते. पेल्याचे पैसे गिऱ्हाइकास परत देण्यांत आले. पुढील वर्षीं स्कॉटलंडांतील प्रयोगशाळेंत दुर्मिळ म्हणून बाजारांत असलेल्या पंचावन्न बाटल्या तपासल्या, त्यांपैकीं एकवीस खोट्या निघाल्या.