वाळा : ताटीपासून बांधापर्यंत

पाणथळ जागीं आपोआप वाढणाऱ्या तृणांत लव्हाळा, मोथा व पाणकणीस यांच्या शेजारीं वाळ्याचें नांव घ्यावें लागेल. हें तृण फार निगा मागत नाहीं; परंतु त्याचा इतिहास मोठा आहे. संस्कृतांत त्यास ‘उशीर’ म्हणतात. कालिदासाच्या ‘शाकुन्तला’च्या तिसऱ्या अंकांत तापलेल्या शकुंतलेसाठीं उशीराचा लेप नेला जातो. म्हणजे दाहशामक म्हणून त्याची कीर्ति तेव्हांही होती.

पुढें अकबराच्या काळीं अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत वाळ्याच्या मुळांनीं शाकारलेल्या खोल्यांचें वर्णन केलें. त्यांवर पाणी शिंपडलें कीं भर उन्हाळ्यांत हिवाळा अवतरतो, असें तो सांगतो. १५९६ मध्यें वऱ्हाड मोगलांकडे गेलें होतें. म्हणून त्याच ग्रंथांत या सुभ्याचें व लोणारच्या क्षारांचेंही वर्णन आढळतें.

१८५३ मध्यें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. बुलढाणें घाटावर, सुमारें २,००० फूट उंचीवर असल्यानें तेथील उन्हाळा सुसह्य असतो; परंतु घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत, मलकापूर-शेगांवकडे वैशाखांत ताटीची किंमत कळते. कोरडा वारा ओल्या मुळांतून जातो, पाण्याची वाफ होते, व त्या वाफेसाठीं लागणारी उष्णता वाऱ्यांतूनच घेतली जाते. म्हणूनच दमट कोंकणांत ताटीचा जो उपयोग होत नाहीं, तो वऱ्हाडांत होतो.

मात्र या सुखास एक किंमत आहे. मुळें हवीं असल्यास ठोंब समूळ खणावा लागतो. आणि ठोंब निघाला कीं ओढ्याचा कांठ सैल होतो. वाळ्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं, तीन मीटरपर्यंतही, जातात. त्यांनींच माती धरलेली असते. म्हैसूरकडील गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनीं हें ओळखून पिढ्यानुपिढ्या बांधांवर वाळा राखला. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनीं या युक्तीचा हिंदुस्थानांत प्रसार केला, आणि १९९३ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें तिजवर स्वतंत्र ग्रंथ काढला.

पैनगंगेचा उगम ज्या अजिंठ्याच्या डोंगरांत होतो, तेथील उतारांवरून मृगाच्या पहिल्या सरींबरोबर काळी माती वाहून जाते. तेथें ताटीपेक्षां बांधाचें मोल अधिक. पावसाच्या आरंभीं ठोंब फोडून त्याचे फुटवे उताराला आडवे, वीतभराहूनही कमी अंतरावर लावावे. पहिलें वर्षभर ओल राखावी. पुढें वर्षांतून एकदोन वेळां शेंडे छाटले म्हणजे पुरे. घराच्या बागेंतही हीच रीत. ताटीसाठीं मुळें हवींच असल्यास त्यांचा वाफा निराळा करावा. बांधावरच्या वाळ्यास कुदळ लावूं नये. एक उन्हाळा गार करण्यासाठीं शेताची माती गमावणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.