सगळी सोसायटी सहावर

आजूबाजूचं वायफाय बघायला आम्हा नेटवर्कवाल्यांना लिनक्सवर एकच कमांड तोंडपाठ असे: ‘आयडब्ल्यूलिस्ट स्कॅन’. ती ज्यां तुरिये यांच्या वायरलेस टूल्समधली; एचपीने १९९६पासून पाठबळ दिलेला प्रकल्प. आउटपुट रुक्ष: पत्ता, चॅनल ६, २.४३७ गिगाहर्ट्झ, उणे ६७ डीबीएम. पण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत ते वर सरकवत गेलं की ‘चॅनल ६’ इतक्यांदा यायचं, की हसूच फुटायचं. राउटर डब्यातून निघाला, तसाच भिंतीवर! एखादा शहाणा मग ३ निवडायचा. चॅनलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं, सिग्नलची रुंदी मात्र २०–२२; म्हणजे तो १ आणि ६ दोघांच्याही अंगावर.

२००१ साली वायफाय शोधणारं माइक केर्शॉ यांचं किस्मेत आलं. तसंच काम करणारं विंडोजवरचं नेटस्टंबलर ‘कोण आहे?’ अशा हाका मारत फिरायचं. किस्मेत गुपचूप ऐकायचं, म्हणून नाव लपवलेली नेटवर्कंही, कुणी जोडलं गेलं की, उघडी पडत. कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे नुसतं ऐकायच्या अवस्थेत, जाईपर्यंत मात्र घाम फुटे.

२००७मध्ये मॅक८०२११ हा वायफाय ड्रायव्हरांसाठीचा सामायिक सांगाडा लिनक्स कर्नलमध्ये आला, ड्रायव्हरांची कटकट कमी झाली आणि पुढे ‘आयडब्ल्यू’ने जुन्या कमांडची जागा घेतली. बोटं अजूनही जुनीच टाइप करतात.