शब्दवेध : नांगर

मराठीत नांगर दोन आहेत. शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, समुद्रातला फारसी ‘लंगर’वरून, बोलता बोलता दोघांचे रूप एक झाले. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, तो हा दुसरा. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘आंकुरा’. वाकणे सांगणाऱ्या ज्या प्राचीन धातूचा तो, त्याच धातूचा आपला ‘अंकुश’.

पत्राच्या वाचकांनी घरादाराची लूट सोसली होती. वादळ शमेल, असे आश्वासन त्यांना या शब्दातून मिळत नाही. तळ दिसत नसतानाही धरून ठेवणारे कोणी आहे, एवढे मिळते, आणि मला ते फार मोठे वाटते. बायबलात खऱ्या वादळातला नांगरही आहे. त्या वादळात सापडलेल्या, प्रेषित पौलाच्या जहाजावर २७६ माणसे होती. चौदाव्या रात्री, माल्टाजवळ, खलाशांनी मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्यासाठी प्रार्थना केली. रोमच्या भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर हाच नांगर कोरला.

पत्रातला नांगर मात्र पाण्यात उतरत नाही. तो मंदिराच्या पडद्याआड, येशू आधीच जिथे गेला आहे तिथे, देवापाशी रुततो.