वक्तृत्वात पहिला, वादविवादात मागे: असं का होतं?

अनेक शाळा-कॉलेजांत वक्तृत्व आणि वादविवाद या दोन्ही स्पर्धांना एकाच ‘चांगलं बोलणाऱ्या’ विद्यार्थ्याला पाठवलं जातं. पण या दोन स्पर्धा वेगळ्या गोष्टींची परीक्षा घेतात. वक्तृत्वाचा विषय बहुतेक वेळा आधी कळतो, भाषण लिहून पाठ करता येतं. वादविवादात मात्र समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते घरून लिहून आणता येत नाही.

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा १९८१ मध्ये ग्लासगो इथे सुरू झाली. २०१४ मध्ये ती चेन्नईत भरली होती. तिथे हीच पद्धत वापरतात. दोन-दोन जणांचे चार संघ असतात, दोन बाजूने आणि दोन विरोधात. विषय फक्त १५ मिनिटं आधी मिळतो आणि बाजू निवडता येत नाही. प्रत्येकाला ७ मिनिटं मिळतात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या काळात विरोधी बाजूचा कुणीही उभा राहून प्रश्न विचारू शकतो. तो घ्यायचा की नाही, हे वक्ता ठरवतो. परीक्षकांनी सजग, सामान्य मतदाराप्रमाणे ऐकावं अशी अपेक्षा असते. त्यामुळे सुरुवातीच्या चारोळीवर टाळ्या पडल्या तरी तेवढ्यावर क्रमांक मिळत नाही.

खंडन म्हणजे काय?

समजा विषय आहे, ‘शाळेत मोबाईलवर बंदी असावी’. विरोधक म्हणतो, ‘अडचण आली तर मुलांनी घरी कसं कळवायचं?’ यावर ‘मोबाईलमुळे मुलं बिघडतात’ असं म्हणणं हे उत्तर नाही. तो नवा मुद्दा झाला आणि विरोधकाचा मुद्दा तसाच उभा राहिला. नवख्या संघांची सर्वांत मोठी चूक हीच असते.

उत्तर असं देता येतं: शाळेच्या ऑफिसात फोन असतो, म्हणजे कळवायची सोय आहेच. शिवाय अशी अडचण क्वचित येते, तर मोबाईलमुळे लक्ष विचलित होणं रोज, प्रत्येक तासाला घडतं. पहिलं वाक्य मुद्दा खोडतं, दुसरं दोन्ही बाजूंचं वजन करून दाखवतं. हे दुसरं काम बहुतेक जण विसरतात.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, अशी रीत होती. स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत बसणाऱ्या चर्चेला न्यायसूत्रांत ‘वितंडा’ म्हटलं आहे. मराठीतला ‘वितंडवाद’ तिथलाच.

सराव कसा करावा?

वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख घ्यावा. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे लेखातला प्रत्येक मुद्दा आणि उजवीकडे त्याचं उत्तर लिहावं. जी जागा रिकामी राहील, तिथे आपली तयारी कच्ची आहे. स्पर्धेतही ऐकताना अशाच नोंदी घ्याव्यात. मग आपलं पुढचं वाक्य घोकत बसण्यात लक्ष जात नाही.

आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर १५ मिनिटांच्या तयारीवर बोलून पाहावं, आणि लगेच बाजू बदलून तोच विषय पुन्हा घ्यावा. न पटणारी बाजू मांडताना सुरुवातीला जीभ अडते, पण विरोधकाचे भक्कम मुद्दे त्यातूनच आधी कळतात.

निकालानंतर परीक्षक निर्णयाची कारणं सांगतात. ‘माझं भाषण कसं झालं?’ यापेक्षा ‘कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही?’ हा प्रश्न त्यांना विचारावा आणि पुढच्या सरावाला तोच मुद्दा घ्यावा.