तेराशे पासष्ट धावांचा हिशोब

क्रिकेट बघणाऱ्या मराठी माणसाची एक ठरलेली तक्रार आहे. टीम जिंकली तर बॅटिंग झकास झाली, आणि हरली तर "आपल्याकडे बोलिंगच नाही". मधलं काही नाही. आमच्या सटाण्यात हेच वाक्य अहिराणीत ऐकू येतं, "बोलिंगच नई शे भो आपली!" चहाच्या टपरीवर ऐका, नाहीतर मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावासाठी ट्रॅक्टर लावून बसलेल्या मंडळींत ऐका.

आमचे नाना (आजोबांचे धाकटे भाऊ, घरच्या मंडळींना ओळख करून द्यायला नकोच) हे वाक्य आयुष्यभर म्हणत राहिले. आणि पुरावा म्हणून नेहमी एकाच सीझनचं नाव घ्यायचे, १९४८-४९. तेव्हा ते शाळेत होते. गावात रेल्वे नाही, रेडिओ मोजक्या घरांत. पेपर यायचा तो उशिरा, आणि वाचनालयात मोठ्यांचं वाचून झाल्यावर पोरांच्या हाती लागायचा. तर अशा शिळ्या पेपरातून नानांनी महाराष्ट्राच्या टीमची ती वाट लागताना पाहिली, आणि बोलरांना काही शेवटपर्यंत माफ केलं नाही.

नाना आता नाहीत. पण त्यांची तक्रार डोक्यातून जात नाही, म्हणून त्या सीझनचे आकडे पुन्हा एकदा शांतपणे मांडून बघितले.

आधी परदेशातल्या भाचरांसाठी थोडा खुलासा. रणजी स्पर्धेत 'महाराष्ट्र' म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. मुंबईची टीम वेगळी, पुढे १९५७-५८ पासून विदर्भाचीही वेगळी. उरलेले पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वगैरे जिल्हे म्हणजे रणजीतला महाराष्ट्र. म्हणजे सटाण्याच्या माणसाची टीम हीच. आणि एकेकाळी ही टीम काही साधीसुधी नव्हती. प्रा. दि. ब. देवधर कप्तान असताना १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं रणजी करंडक जिंकला होता.

आता १९४८-४९. डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राची मॅच होती काठियावाडशी. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर बॅटिंगला आले आणि नाबाद ४४३ काढून बसले. कमल भांडारकरांनी द्विशतक केलं, दोघांची भागीदारी ४५५ धावांची. महाराष्ट्र ४ बाद ८२६. तेव्हा जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमनचा ४५२, म्हणजे निंबाळकरांना फक्त १० धावा हव्या होत्या. पण काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले आता पुरे. टीम मॅच सोडून निघून गेली! निंबाळकर ४४३ वरच राहिले. ते कधी टेस्टही खेळले नाहीत, पण फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे.

ही गोष्ट आपण सगळेच चवीनं सांगतो, आणि दर वेळी काठियावाडच्या कप्तानाला दोन शिव्या देतो. बरोबरच आहे. पण त्या उन्हात ८२६ धावा देणाऱ्या काठियावाडच्या बोलरांचा विचार त्यात कुठे येतो? चार बळींसाठी ८२६, म्हणजे एका बळीमागे दोनशेच्या वर धावा.

बरं, आता तीन महिने पुढे या. मार्च १९४९, गाव तेच पुणे, स्पर्धा तीच, सेमीफायनल. समोर मुंबई. मॅच निकाल लागेपर्यंत खेळायची होती. ती सात दिवस चालली.

मुंबई ६५१. माधव मंत्रींच्या २००, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची शतकं. महाराष्ट्र ४०७. मग मुंबईचा दुसरा डाव, ८ बाद ७१४ वर घोषित. मर्चंट आणि फडकर, दोघांचीही पुन्हा शतकं. महाराष्ट्राला जिंकायला हव्या होत्या ९५९! चौथ्या डावात महाराष्ट्रानं ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी मॅच गमावली. एकूण धावा २३७६, एकूण शतकं ९. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये एका मॅचमध्ये एवढ्या धावा त्याआधी कधी झाल्या नव्हत्या, त्यानंतरही झालेल्या नाहीत.

नानांचा राग इथला. दोन डावांत मुंबईच्या धावा झाल्या १३६५, आणि आपल्या बोलरांनी बळी घेतले १८. एका बळीमागे जवळपास ७६ धावा. नाना म्हणायचे, "चौथ्या डावात सहाशे काढूनही हरायचं, म्हणजे बोलर काय करत होते?"

प्रश्न वरवर बिनतोड आहे. पण मग दुसरा हिशोबही करून बघा. मुंबईच्या बोलरांनी २० बळींसाठी धावा दिल्या १०११, म्हणजे एका बळीमागे ५० हून जास्त. एरवी असे आकडे असलेल्या बोलरांना कोणी पुढच्या मॅचला घेणार नाही. पण मुंबई जिंकली, म्हणून मुंबईच्या बोलिंगला कोणी नावं ठेवली नाहीत. दोन्हीकडचे बोलर त्याच चुलीवर भाजून निघाले होते. फरक पडला तो हरण्याजिंकण्याचा.

आणि चूल म्हणजे अर्थातच खेळपट्टी. डिसेंबरात निंबाळकरांना ४४३ देणारी पुण्याची माती आणि मार्चमध्ये आपल्या बोलरांना रडवणारी माती, दोन्हींचा स्वभाव एकच. एकीला आपण निंबाळकरांचं कर्तृत्व म्हणतो (ते होतंच) आणि दुसरीला आपल्या बोलरांचा नाकर्तेपणा. असं कसं चालेल?

या पाटा विकेटी आपोआप तयार होत नव्हत्या. रणजीचा नियमच असा होता, आणि बराचसा आजही आहे, की मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचं पारडं जड. म्हणजे बळी घेऊन जिंकण्यापेक्षा धावांचा डोंगर रचून आघाडी घेणं सोपं आणि बिनधोक. १९४०-४१ साली पुण्यातच महाराष्ट्रानं मुंबईविरुद्ध ६७५ केल्या, मुंबईनं उत्तरात ६५०. पन्नाशीला टेकलेल्या देवधरांनी त्यात २४६ काढल्या. २५ धावांची आघाडी, झालं काम! अशी मॅच जिंकून देणारी खेळपट्टी कोण बदलेल? जिथे आघाडीलाच भाव, तिथे माती धावांचीच तयार होणार. ती माती बोलर करत नाही. त्याला फक्त तिच्यावर दिवसभर धावायचं असतं.

याचं आणखी एक उदाहरण सदाशिव शिंदे. आपले लेगस्पिनर, पुढे सात टेस्ट खेळले आणि अवघ्या ३१ व्या वर्षी, १९५५ साली, वारले. १९४३-४४ मध्ये मुंबईविरुद्ध खेळताना वय होतं वीस. त्या मॅचमध्ये विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ केल्या. शिंदेंनी ७५ हून जास्त षटकं टाकली आणि १८६ धावांत ५ बळी घेतले. ३५९ हा आकडा पुष्कळांना पाठ असतो. ७५ षटकं टाकणारं ते वीस वर्षांचं पोरगं मात्र कोणाच्या लक्षात नाही.

माती बदलली की काय होतं तेही बघा. १९५६-५७ मध्ये खडकवासल्याला सौराष्ट्राविरुद्ध महाराष्ट्राकडून वसंत रांजणे नावाचा नवा मध्यमगती बोलर उतरला. पहिलीच फर्स्ट क्लास मॅच. एका डावात ३५ धावांत ९ बळी, त्यात हॅटट्रिक, आणि मॅचमध्ये १३ बळी. म्हणजे "बोलिंगच नाही" म्हणणाऱ्या प्रदेशात बोलर पिकत होते.

आणि सगळ्यात मोठा दाखला तर आपल्या नाशिकचा आहे. बापू नाडकर्णी, जन्म नाशिक, १९३३. रणजीची सुरुवात महाराष्ट्राकडून, नंतर मुंबईकडून. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्याच्यावर टप्पा टाकायचा सराव ते करायचे असं सांगतात. पण या पृथक्करणाचं आपण काय केलं? गंमतीचा आकडा करून टाकला. बळी नाही ना, मग काय उपयोग, असं म्हणणारेही भेटतात. बोलरनं धावा दिल्या तर शिव्या, नाही दिल्या तर हसू!

बरं, बोलिंग चालल्यावर तरी काय झालं? १९७०-७१ ची फायनल आठवा. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर सगळे वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईक यांच्या कप्तानीखाली उरलेली टीम. आपल्या बोलरांनी तिला दोन्ही डावांत तीनशेच्या आत रोखलं, आणि तरी आपण ४८ धावांनी हरलो. त्या वेळी दोष कोणाचा होता ते आकडेच सांगतात. पण "आपल्याकडे बॅटिंगच नाही" ही काही म्हण झाली नाही.

न्यू जर्सीला आमची आत्तेबहीण असते. तिच्याकडे बेसबॉलचं वेड आहे. तिथेही तक्रार हीच, सीझन फसला की पिचरवर सगळ्यांचा राग (पिचर म्हणजे टप्पा न टाकता फेकणारा बोलर म्हणा). पण त्यांच्या वहीत एक गोष्ट मला फार आवडली. फिल्डरच्या चुकीमुळे गेलेल्या धावा ते पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. 'अर्न्ड रन', म्हणजे ज्या खरोखर त्याच्याकडून गेल्या, तेवढ्याच त्याच्या नावावर. शंभर वर्षांहून जास्त काळ हा हिशोब चालू आहे. आपल्याकडे स्लिपमध्ये शून्यावर झेल सुटला आणि त्या बॅट्समननं पुढे दीडशे केल्या, तर त्यातल्या बोलरच्या वाट्याच्या सगळ्या धावा बोलरच्याच खात्यात. झेल सोडणाऱ्याच्या नावापुढे स्कोअरबोर्डवर काहीच लागत नाही. अमेरिकेतले प्रेक्षक कमी ओरडतात असं नाही, पण निदान त्यांची वही न्याय करते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचा एक पुतण्या. सटाण्यातच असतो, तेरा वर्षांचा, डावखुरा स्पिनर. टप्पा असा की माझ्यासारख्याला चार चेंडूंत एकदा तरी चुकवतो. दिवाळीत म्हणाला, "काका, मी बोलिंग सोडतोय. बोलरला कोणी विचारत नाही. मॅच हरलो की घरी येईपर्यंत सगळे मलाच बोलतात." त्याला सोबत बॅटिंग करायचा सल्ला मिळालाय, आणि तो सल्ला देणारी मंडळी नानांच्याच वाक्यावर वाढलेली आहेत. म्हणजे बघा, आधी म्हणायचं बोलिंग नाही, आणि मग असलेल्या बोलरला बॅट्समन करायचं.

माती तर अजूनही तशीच भेटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्रानं २ बाद ६३५ केल्या. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, अभेद्य भागीदारी ५९४ धावांची. मग दिल्लीच्या रिषभ पंतनं ३०८ काढल्या आणि दिल्ली ५९० पर्यंत पोचली. मॅच ड्रॉ, आपल्याला पहिल्या डावाच्या आघाडीचे ३ गुण. त्या ४५ धावांच्या आघाडीसाठी दिल्लीचे दहाच्या दहा बळी कोणीतरी घेतले होते. ते कोण, हे विचारून बघा चार जणांना.

पुतण्याला मी एकच मॅच सांगितली, कारण ती आपल्या जिल्ह्यातली आहे. जानेवारी २०२५, नाशिकचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, बडोद्याविरुद्ध महाराष्ट्र. दोन्ही डावांत बडोदा दोनशेच्या आत गारद, महाराष्ट्र ४३९ धावांनी विजयी. बोलिंग नसती तर हे झालं नसतं. आणि त्या टीमकडून अलीकडच्या वर्षांत बऱ्याच मॅच खेळलेला डावखुरा स्पिनर सत्यजित बच्छाव नाशिकचाच आहे. बच्छाव आडनाव बागलाणात किती घरांवर आहे ते तुम्हाला सांगायला नको.

पुतण्यानं अजून काही ठरवलेलं नाही. म्हणून सटाण्यातल्या समस्त काका-मामा मंडळींना एक विनंती. येत्या सीझनला मैदानाच्या कडेला बसाल तेव्हा त्याच्या धावा मोजण्याआधी सुटलेले झेल मोजा.